अंगठ्यात पनवेल, गुडघ्यात माणगाव

सोमवार, १५ सप्टेंबर

…आणि एवढं सगळं ऐकूनही आमच्या मसाज सेंटरच्या खतिजा मॅडमचं म्हणणं तेच. "पॅशन ठीक आहे अस्मिता, प्रूफ आण." काल वीस मिनिटं बोलले मी. मसाज म्हणजे चैन नाही, मेंटल हेल्थ आहे. डिलिव्हरीनंतर बायकांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते. आपल्या सेंटरने नव्या आयांसाठी चाळीस दिवसांचं पॅकेज काढलं तर अख्ख्या अझैबा भागात कोणाकडे नसेल. त्या कॉफी पीत राहिल्या आणि शेवटी "इन्शाल्ला" म्हणाल्या. मस्कतमध्ये जन्मलेय मी, हा इन्शाल्ला 'बघू कधीतरी'वाला, ते मला कळतं.

पण प्रूफ आहे! हमरियात, आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर.

तूबाला गुरुवारी मुलगी झाली. तूबा चोवीसची, माझ्याहून एक वर्षाने मोठी. माहेर बोर्ली, रायगडमधलं. नवरा शाहबाज लांब निझवाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दुकान सांभाळतो, गुरुवारी संध्याकाळी येतो, शनिवारी जातो. तिची आई येणार होती, पण अब्बांना ॲडमिट केलं आणि ते राहिलंच. म्हणून माझ्या आईने साबेराखालाला बोलावलं. खाला दाभोळची, साठी उलटलेली. आधी नवऱ्याच्या व्हिसावर होती, आता मुलाच्या, मुआजच्या. पण गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना, आपल्या काय आणि त्यांच्या काय, तीच तेल लावते. माझ्या वेळी आईला पण तिनेच लावलं होतं.

माझी शिफ्ट बाराला सुरू होते. म्हणजे रोज सकाळी दहाला वर जाऊन मी खालाचं सगळं ऑब्झर्व करू शकते. चाळीस दिवसांचा डेटा! आधी आणि नंतर स्ट्रेस लेव्हल विचारायची, झिरो टू टेन. बघू मॅडम काय म्हणतात.

(हे मराठीत लिहितेय कारण सेंटरचा लॉकर ग्रेससोबत शेअर आहे, आणि तिला मराठी येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं.)

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज सहावा दिवस तूबाचा, आणि माझा पहिला.

खालाला कसली टेक्निक म्हणून नाही. आम्हाला डिप्लोमाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: शांतता, मंद लाइट, क्लायंटशी कमीत कमी बोलणं. इथे सगळं उलट. खाला दारातूनच बडबडत येते. "उठ गो बाय, गाडी सुटंल." मग खोबरेल गरम करायला लावते (आता ते काम माझं), तूबाला चटईवर निजवते आणि पायाचा अंगठा धरते.

"पनवेल," म्हणते.

मला काही कळेना. मग तळवा दाबत, "पेण आलं. काय घेतलंस पेणला?"

तूबा म्हणाली, "पापड."

घोट्याला वडखळ. पोटरीवर नागोठणे, कोलाड, इंदापूर. गुडघ्याला माणगाव. माणगावला एसटी दहा मिनिटं थांबते म्हणे, म्हणून खाला पण गुडघ्यावर दहा मिनिटं थांबली. मांडीला मोर्बा, पोटाला म्हसळा. आणि शेवटी टाळूवर तेल थापून, "आली गो बोर्ली, उतर खाली!" मग खांद्यांवरून दोन्ही हातांवर खाली यायचं, तो परतीचा प्रवास. बोटांच्या टोकाला मस्कत. मस्कत आलं की त्या तेलकट हातांत लगेच बाळ.

दर बाळंतिणीला तिच्या माहेरचा रस्ता. मी विचारलं, "माझ्या आईला कुठे नेलं होतं?"

"तुज्या आयशीला गुहागर. लय वळणां त्या रस्त्याला. माजे हात मोडले."

क्यूट आहे, पण सायंटिफिक नाही. बोलण्यामुळे रिलॅक्सेशन तुटतं, आणि तेलाच्या हातात बाळ देणं हायजीनच्या दृष्टीने चूकच. पॅकेजमध्ये हे दोन्ही काढावं लागेल.

तूबाला स्ट्रेस विचारला. "झिरो," म्हणाली. पहिल्याच दिवशी!

सोमवार, २२ सप्टेंबर

सुट्टी. दुपारपर्यंत झोपणार होते, पण डेटा चुकेल म्हणून दहाला वर गेले.

काल सहा क्लायंट झाल्या. उजवा अंगठा मुळाशी ठणकतोय. रात्री भाजी चिरताना सुरी धरवेना, तर आईने ती घेतली आणि स्वतः चिरायला बसली. सेंटरमध्ये हे बोलायचं नाही. हात दुखतो म्हणणाऱ्या थेरपिस्टला शिफ्ट कोण देणार?

तूबाचा रिझल्ट मात्र जबरदस्त. आता मसाजच्या आधी पण झिरो आणि नंतर पण झिरो. म्हणजे आदल्या दिवशीचा इफेक्ट चोवीस तास टिकतोय. आज बाळ चांगलं पाच मिनिटं रडत होतं, तूबाने मान पण वळवली नाही. इतकी रिलॅक्स झालीय ती. सेंटरमधल्या क्लायंट फोन वाजला तरी दचकतात.

आईने विचारलं, "तूबा जेवते का गं नीट?" मी म्हटलं, शरीर रिलॅक्स झालं की भूक कमी होऊ शकते. आई म्हणाली, "असं कुठे असतं?"

खाला आज जरा चिडचिडी होती. मोर्ब्याला तूबाची मावशी राहते. खालाने तीनदा विचारलं, "मोर्ब्याला कोण भेटली?" आणि तूबा छताकडे बघत गप्प. शेवटी खालानेच नाव सांगितलं आणि माझ्यावर खेकसली, "बगतंस काय? तेल तापव." मोर्ब्यालाच आज तिने वीस मिनिटं गाडी थांबवली. शेड्यूल म्हणून नाहीच.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज एक भारी गोष्ट केली. रील!

खालाचे हात, वाटीतलं तेल, खिडकीतून येणारं ऊन. तूबा दिसत नाही, फक्त तिचा पाय. शेवटी खाला कॅमेऱ्याकडे बघून हसते, एक दात नसलेलं ते हसू. मी विचारलं होतं, "खाला, फोटो काढू?" ती म्हणाली, "काड की. दाभोळला नातीला दाकव." खाली लिहिलं: साबेराखाला, हमरियाची लीजेंड, चाळीस दिवसांचा पारंपरिक मसाज, नव्या आयांच्या मेंटल हेल्थसाठी. डिटेल्ससाठी मेसेज करा.

मॅडमला लिंक पाठवली. प्रूफ मागत होत्या ना?

बुधवार, १ ऑक्टोबर

अकरा हजार व्ह्यूज! मॅडमनी स्वतः केबिनमध्ये बोलावलं. "हू इज दिस लेडी? सेंटरला आणता येईल का?" दिवसभर पाच फुल बॉडी मसाज झाले, अंगठ्याला टेप लावून केले, पण पाय जमिनीवर नव्हते.

कमेंट्स पण खूप. किती घेते, घरी येते का, कुठल्या बिल्डिंगमध्ये. मी जमेल तेवढ्यांना उत्तरं दिली. एकाने विचारलं, लायसन्स आहे का, व्हिसा कुठला आहे. असे लोक सगळीकडे असतात.

गुरुवार, २ ऑक्टोबर

खाला आली नाही. तूबाला फोन केला म्हणे, गुडघा दुखतोय. आज बाविसावा दिवस. डेटात गॅप.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

शिफ्टच्या आधी खालाकडे गेले, गुडघ्याला लावायला आमच्या सेंटरचं पेन रिलीफ ऑइल घेऊन.

दार मुआजभाईंनी उघडलं. मुआजभाई एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. लहानपणी ईदला मला चॉकलेट द्यायचे. आज आत ये म्हणाले नाहीत.

"तूच टाकलास ना तो व्हिडिओ?"

"हो. मुआजभाई, अकरा हजार—"

"माझ्या साहेबाने मला दाखवला. सगळ्यांसमोर. ही तुझी अम्मीच ना, म्हणाला. हमरियात घरोघर काम करते काय?" ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "फॅमिली व्हिसावर काम चालत नाही. तुला माहीत नाही? तू तर इथेच जन्मलीस, इथल्याच शाळेत शिकलीस."

"पण ती काम कुठे करते, ती तर फक्त…"

"मग तू लिहिलंस काय खाली?"

मी तिथेच पायरीवर उभी राहून डिलीट केलं. पण दोन-तीन पेजेसनी तोपर्यंत उचललं होतं. त्यांना मेसेज केले, कोणी बघितलेसुद्धा नाहीत.

आतून खाला म्हणाली, "येऊ दे तिला, पोर हाय." मुआजभाई बाजूला झाले. खाला पलंगावर बसली होती. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मी सॉरी म्हटलं, तिनं हात हलवला. म्हणाली, "पस्तीस वर्सां झाली इथं. कुणाचं चाळीस अर्ध्यात सोडलं नव्हतं." मग खालच्या आवाजात, "तूबाला सांगू नको. गुडगाच सांग. नायतर तिला तुजे पण हात नको होतील. बाकीचे अटरा तू कर."

"खलास अम्मी, पुरे," मुआजभाई दारातून म्हणाले. "त्या बिल्डिंगचं नाव नको."

तेलाची बाटली मी तशीच परत आणली.

रविवार, ५ ऑक्टोबर

सुरू केलं. मनात म्हटलं, निदान आता प्रॉपर करू. पडदे ओढले, लॅव्हेंडर, फोनवर बासरी. बोलणं नाही. बाळाला आई खाली आमच्या घरी घेऊन जाते, म्हणजे डिस्टर्बन्स नाही. पन्नास मिनिटं, टायमर लावून.

तूबा एकदम स्थिर पडून होती. मध्येच तिच्या डोळ्यातून पाणी आलं, कानाकडे गेलं. आम्हाला शिकवलंय, याला रिलीज म्हणतात, चांगलं असतं.

स्ट्रेस झिरो.

मग अझैबा. पाच क्लायंट. व्हॅनमध्ये झोपले ती ग्रेसने उठवलं तेव्हा हमरिया आलं होतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

तूबाने दहा मिनिटं दार उघडलं नाही. आत होती. उघडलं तेव्हा म्हणाली, "बेल ऐकू आली नाही." बाळाचा लंगोट पाठीपर्यंत भिजला होता. मी बदलला. झिरो लिहिताना पेन थांबलं. पण लिहिलं.

अंगठा सुजलाय. कोपराने करते आता, जमेल तिथे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज बासरी चालू असताना तूबा म्हणाली, "अस्मिता, ती कोणाची आहे?"

"कोण?"

"मुलगी."

मी हसले. "तुझीच ना बाई!"

"ते मला ठाऊक हाय. आतून कळत नाही. रडली की वाटतं शेजारच्या घरात कोणी रडतंय. वाटतं, कोणीतरी उठायला हवं." अगदी साध्या आवाजात, जसं काही दूध संपलंय सांगतेय.

मी पाठ पूर्ण केली. टायमर वाजला.

खाली येऊन आईला सांगितलं. आईने गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"माहीत नाही. मी रोज विचारायचे. ती झिरो म्हणायची."

"तू पाहुण्यासारखं विचारलंस, तिनं पाहुण्यासारखं सांगितलं. चहा घेणार का, तर नको, आत्ताच झाला. तसं." मग आई ओट्याला टेकून उभी राहिली. "तू झालीस तेव्हा दोन महिने मला पण असंच व्हायचं. बाबा साइटवर. कोणाला सांगणार? साबेराआपांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या माझ्या अंगावरून ओळखायच्या. गुहागरच्या रस्त्यावर कुठे मी बोलत नाही, ते बघायच्या, आणि तिथेच गाडी थांबवायच्या."

मोर्ब्याची वीस मिनिटं आठवली मला. तेल तापव, ते पण.

आईने बाळाला माझ्याकडे दिलं, ओढणी घेतली आणि वर गेली. तिथूनच शाहबाजला फोन लावला. ऐकू येत होतं मला जिन्यातून: "आज दुकान कोणावर तरी टाका आणि लवकर निघा. नाही, बाळ बरं आहे. तूबासाठी या."

मी सेंटरला आजारी आहे सांगितलं. पहिल्यांदाच.

शनिवार, ११ ऑक्टोबर

रुवीतल्या लेडी डॉक्टरकडे गेलो, शाहबाज, तूबा, बाळ आणि मी. डॉक्टरने तूबाला एक कागद दिला, दहा प्रश्नांचा. कंबर दुखते का असा एकही प्रश्न नव्हता. तूबा बराच वेळ लिहीत बसली. डॉक्टरने बेरीज केली आणि चष्मा काढला. शाहबाजला म्हणाल्या, "हे लाड नाहीत, नाटक नाही, आजार आहे. बरा होतो. पण एकटं ठेवायचं नाही." दूध पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या, आठवड्याने परत बोलावलं, रात्रीची सलग चार तास झोप मिळालीच पाहिजे म्हणाल्या. शाहबाज नुसता मान हलवत होता. त्याने दहा दिवसांची रजा मागितली, अर्बाब, म्हणजे मालक, काय म्हणेल त्याची भीती होती. अर्बाब म्हणाला, "घरी थांब, दुकान पळून जात नाही."

मी विचारलं, "डॉक्टर, मसाज? मी थेरपिस्ट आहे."

"चालू ठेवा ना. छान झोप लागेल, मन हलकं होईल. फक्त गोळीच्या ऐवजी नाही, गोळीच्या सोबत. आणि तुम्ही," माझ्या टेपकडे बघून, "तो अंगठा दाखवा कोणाला तरी."

माझ्या वहीत पानभर झिरो आहेत.

सोमवार, १३ ऑक्टोबर

खालाला फोन केला. मुआजभाई ड्युटीवर असतील अशा वेळी.

"पोर हातात देतंस ना?" हा पहिला प्रश्न.

"हायजीनचं… तेलकट हात असतात म्हणून…"

"तेल पोरीला पण लागू दे! आयशीचा हात तेवडाच कळतो तिला. आणि नेतंस खय तिला?"

"कुठेच नाही खाला. म्युझिक लावते."

"म्हणजे पडूनच ऱ्हाते ती. पन्नास मिण्टं. आपल्याच डोक्यात."

"मला तो रस्ता येत नाही. मी बोर्लीला कधी गेलेच नाही."

"तिला येतो ना. इचार."

वर गेले. बासरी बंद, पडदे उघडले. शाहबाज स्वयंपाकघरात कांदा चिरत होता, त्याला म्हटलं बाळ इथेच राहू दे. तूबाचा अंगठा धरला. कसंतरीच वाटत होतं, डिप्लोमावालीला.

"पनवेल," म्हटलं. काही नाही. "वडखळ. पेण." काही नाही. पोटरीवर गोंधळले, "इंदापूर, मग… नागोठणे, मग कोलाड."

उशीत तोंड घालून आवाज आला. "उलटी चाललीस."

"काय?"

"इंदापूरवरून नागोठण्याला कशी जाशील? घरी चाललीस की परत?"

"सॉरी. मग माणगाव. मोर्बा. म्हसळा. मग श्रीवर्धन."

"श्रीवर्धन कशाला?" तिने मान उचलली. "मला सासरी नेतेस काय?"

स्वयंपाकघरात शाहबाजची सुरी थांबली. तो म्हणाला, "आलीस तर काय बिघडलं?"

"तू कांदा काप," तूबा म्हणाली.

आणि मग ती उठून बसली. म्हणाली, तुला काहीच येत नाही, हात दे. माझा हात पुढे ओढला, वाटीत बोट बुडवलं आणि माझ्या हातावर तेलाने रस्ता काढायला लागली. हे पनवेल, इथून हायवे, हे माणगाव, इथे उतरून चहा, हा म्हसळ्याचा नाका, इथून आपली गाडी वेगळी. कोपराच्या वर बोर्ली काढलं. मग परत पनवेलवर आली आणि थांबली. पनवेल माझ्या अंगठ्यावर होतं.

"केवढा सुजलाय गं," म्हणाली. आणि तिनेच तिथे तेल चोळलं, दोन मिनिटं. टेक्निक काही नव्हती. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी खिडकीकडे बघत बसले.

मग तिचे हात केले, खांद्यापासून खाली. बोटांच्या टोकाला आले आणि म्हटलं, "मस्कत." शाहबाजने बाळ दिलं. तूबा हसली वगैरे नाही. बाळाच्या गालाला तेल लागलं, ते ओढणीने पुसलं आणि म्हणाली, "तेलकट झाली." परत पुसलं.

आज झिरो टू टेन विचारलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गोळ्यांनी अजून फारसा फरक नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागतो. पण कालपासून बाळ रडलं की तूबा उठते. कधी पटकन, कधी दहा मिनिटांनी. आज मोर्ब्याला तिने मावशीचं नाव मी न विचारताच सांगितलं, आणि मग तीच म्हणाली:

"खाला माझ्यावर रागावलीय."

"नाही गं, गुडघा…"

"गुडघा दुखला तर माणूस फोनवर बोलत नाही? दोनदा केला, मुआजभाई उचलतात, अम्मी झोपलीय म्हणतात. त्या दिवशी मला मावशीचं नाव आठवलं नव्हतं. तीनदा विचारलं तिने. तेव्हाच तिला कळलं असणार, ही पोर काही कामाची नाही. नाहीतर कोणी चाळीस अर्ध्यात सोडतं? माझी आई आली नाही, खाला गेली. माझ्यातच काहीतरी असणार."

मी म्हटलं, "खरंच गुडघाच दुखतो तिचा." माझ्याच तोंडून. तेल थंड होईपर्यंत तिच्या पायावर हात ठेवून बसले होते.

मॅडमनी आज विचारलं, "प्रूफचं काय झालं?" अजून नाही म्हटलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

नरकचतुर्दशी, आणि तूबाचा चाळिसावा. दोन्ही एकाच दिवशी.

पहाटे आईने पाटावर बसवलं. दर वर्षी मी कटकट करते, या वर्षी नाही केली. झोपेतच होते अर्धी. पाठीला तेल, मानेला तेल. मग माझा उजवा हात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू फिरवत राहिली आणि म्हणाली, "तूबाला सांगितलंस?"

मी आईला रीलबद्दल एक शब्द बोलले नव्हते, तरी तिला ठाऊक होतं.

"खाला म्हणाली, सांगू नको."

"आपांना जे वाटलं ते त्या म्हणाल्या. मी तुला विचारतेय."

तिने उटणं लावलं, पाणी घातलं. बाबा बाहेरून म्हणाले, "अरे आटपा, मला ड्युटी आहे."

दहाला फराळाचं ताट घेऊन वर गेले. तूबाने न्हाऊन नवा सूट घातला होता, थोडा सैल होतो आता. शाहबाजने खीर केली होती, जरा करपलेली. बाळाचं नाव ठेवलंय आकीफा, आधी ठरलं होतंच, पण तूबाच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. शेवटचं तेल लावलं. मी आता एकही स्टॉप चुकत नाही. बोर्लीला उतरवून परत मस्कतला आणलं, बाळ हातात दिलं. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "आज पाच."

"काय पाच?"

"तू विचारायचीस ना. खरं सांगायचं तर आज पाच. मध्ये नऊ होते."

त्या सगळ्या झिरोंपेक्षा मला ते पाच जास्त आवडले. वहीत लिहिले नाहीत मात्र. मॅडमना दाखवायला ते नकोत.

मग तिने चकली मोडली, अर्धी मला दिली, आणि म्हणाली, "खालाला आजचं बोलावणं पाठवलं होतं. आली नाही बघ. मी एवढं काय केलं तिचं?" थोड्या वेळाने, "चाळीस झाले, पण तू अजून थोडे दिवस येशील ना? तुझा हात लागला की त्या दिवशी झोप येते."

येईन म्हटलं.

आता घरी बसून हे लिहितेय. खाली गल्लीत मुलं इंग्लिशमध्ये भांडतायत. सांगितलं तर तिला कळेल की खाला तिच्यामुळे गेली नाही, माझ्यामुळे गेली. ते ओझं तिच्या अंगावरून एका वाक्यात उतरेल. माझ्या अंगठ्यांना ते इतक्या दिवसांत जमलेलं नाही. पण मग कदाचित ती दार उघडणार नाही, आणि आत्ता तिच्याकडे येणारे बाहेरचे हात हे दोनच आहेत. नाही सांगितलं तर ती झोपेल. आणि उठल्यावर परत तेच म्हणेल, माझ्यातच काहीतरी असणार. खाला म्हणते गप्प बस. आई काही म्हणत नाही, नुसतं विचारते. आणि मला नीट कळत नाही, मी गप्प बसते ती तूबासाठी, की मला तिच्याकडून ती अर्धी चकली हवी असते म्हणून.

उद्या दहाला परत जायचंय. ही वही कोणी वाचत असेल तर तुम्हीच सांगा, अंगठा धरून पनवेल म्हणायच्या आधी तिला सांगू का?